त्या गाडीतली दोन माणसं

स्मृतीला लामिन पहिल्याच दिवशी आवडला. सिटीवेस्टच्या त्या बिझनेस पार्कात लुआस ट्राममधून उतरलेली माणसं सकाळी मान खाली घालून आपापल्या काचेच्या इमारतीत शिरतात. तिथे हा धिप्पाड, किंचित लंगडणारा पोलीस अधिकारी दार धरून उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायचा. चहाच्या वेळी आधी त्याच्याबरोबर आलेल्या वयस्कर मरियामाबाईंचा कप भरायचा, मग स्वतःचा. जिन्यात त्यांची पिशवी घ्यायचा. स्मृतीला वाटलं, मुलगाच जणू.

पुण्यात कायदा शिकून स्मृती मास्टर्ससाठी आयर्लंडला आली आणि इथलीच होऊन गेली. नवरा प्रसन्न सरकारी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, मुलगी स्वरांगी इथल्या शाळेत, आणि स्वतः ती एका छोट्या संस्थेत. युद्धातून बाहेर पडलेल्या देशांचे अधिकारी या संस्थेत यायचे आणि कोर्ट, पोलीस, तुरुंग पुन्हा कसे उभे करायचे ते शिकून जायचे. स्मृतीचा विषय एकच होता, जुन्या पोलिसांपैकी कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण सगळं घोडं तिथेच अडतं. करारावर सह्या होतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी चौकात उभा असतो तोच हवालदार, ज्याने गेल्या वर्षी तुमच्या भावाला उचलून नेलं. त्याच्याकडे तक्रार घेऊन कोण जाणार? म्हणून आधी चाळणी लावायची. ही चाळणी स्मृतीने तयार केली होती, एकदोन देशांनी ती जशीच्या तशी उचलली होती, आणि तिला तिचा अभिमान होता. त्यातले दोन नियम तर ती झोपेतही म्हणाली असती. ज्याने अत्याचारात भाग घेतल्याचं स्वतः कबूल केलंय, तो वर्दीत राहणार नाही. आणि गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या नुसत्या शब्दावर दुसऱ्या कोणाला काढायचं नाही, कारण तसं केलं की लोक जुनी वैरं भागवून घेतात.

या वेळची मंडळी पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातून आली होती. मरियामाबाई तिथल्या निवृत्त न्यायाधीश, साठी ओलांडलेल्या, आता नव्या पोलीस दलासाठी माणसं निवडणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष. त्यांच्याबरोबर जे अधिकारी होते त्यांत दोघांची नावं पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी पुढे होती. एक लामिन. दुसरा बांगुरा. बांगुरा नीटनेटका, बोलायला मिठ्ठास, वर्गात पहिल्या रांगेत. स्मृतीची वाक्यं तो तिच्यापेक्षा चांगली परत म्हणून दाखवायचा. अंतिम निवड आयोग आणि मदत करणाऱ्या देशांचं एक मंडळ मिळून करणार होतं, आणि त्या मंडळाला सल्ला द्यायचं काम स्मृतीचं.

एका रविवारी तिने मरियामाबाईंना जेवायला बोलावलं. त्या लामिनला घेऊन आल्या. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. लामिनने तीनदा भात घेतला. मग अंगणात जाऊन स्वरांगीच्या सायकलची उतरलेली चेन बसवून दिली. मरियामाबाईंनी स्वरांगीच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घातल्या आणि वेण्या घालता घालताच सांगितलं, की त्यांना मुलगा होता. इब्राहिम. कॉलेजात होता. पोलिसांच्या गाडीतून त्याला नेलं आणि तो परत आला नाही.

लामिन तेव्हा दारात उभा होता. चेनचं काळं ग्रीस कागदी रुमालाने पुसत होता. स्मृतीला आठवतं, तो काही बोलला नाही. तिला वाटलं, दुःखाच्या गोष्टीत मध्ये बोलू नये एवढी समज आहे माणसाला.

"त्यांना मी काय म्हणू?" स्वरांगीने तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं. स्मृती म्हणाली, "मावशी म्हण." मरियामाबाईंना तो शब्द आवडला. माव-शी, माव-शी, असं दोनदा घोळवून पाहिला, आणि तेव्हापासून स्मृतीसाठीही त्या मावशीच झाल्या.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एनिसला नेलं. छोट्या गावातलं साधं पोलीस ठाणं कसं चालतं ते बघायला. स्मृतीबरोबर डेक्लन होता, सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमधला निवृत्त पोलीस, संस्थेत तिच्या जोडीने शिकवणारा. ठाण्यात काउंटरमागे एक तरुण गार्डा बाई, म्हणजे इथली पोलीस, उभी होती, कमरेला बंदूक नाही. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याच्या कुंपणाची तक्रार सांगत होते, आणि ती बाई "हो ना, हो ना" करत शांतपणे ऐकत होती. बाकी काही घडलंच नाही. पाहुणे मात्र थक्क होऊन बघत राहिले. म्हातारा पोलिसांना घाबरत नव्हता, उलट काउंटरवर बोट आपटून बोलत होता.

बाहेर पडल्यावर मरियामाबाई म्हणाल्या, "जरा चल माझ्याबरोबर."

फर्गस नदीच्या काठाने दोघी एका बाकापर्यंत गेल्या. पावसाची बुरबुर नुकतीच थांबली होती. बाक ओला होता, बाई तशाच बसल्या.

"मंडळाचा कल बांगुराकडे आहे असं काल मला कळलं," त्या म्हणाल्या. "म्हणून आज तुला सांगते. इब्राहिमला नेलं त्या गाडीत दोन अधिकारी होते."

स्मृती ओल्या बाकावर त्यांच्या शेजारी टेकली.

"एक बांगुरा. दुसरा लामिन."

स्मृतीला शब्द कळले, अर्थ कळला नाही. तिला वाटलं, आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलंय. लामिन म्हणजे दुसरा कोणी लामिन असेल, तिकडे बरेच असतील.

"आपला लामिन?" तिने विचारलं.

"आपला लामिन."

बाईंनी मागे वळून हात केला. रस्त्यापलीकडे उभा असलेला लामिन लंगडत आला. बसला नाही. बाकासमोर उभा राहिला, शाळेत मुलं उभी राहतात तसा.

"सांग हिला," मरियामाबाई म्हणाल्या. "मला सांगितलंस तसंच."

आणि त्याने सांगितलं. आवाज चढला नाही, रडलाही नाही. "गाडी मी चालवत होतो. बांगुरा माझ्या शेजारी. तो वरिष्ठ होता. मुलगा मागे, दोन शिपायांच्या मध्ये. वाटेत त्याने मला विचारलं, काका, आईला निरोप द्याल का? मी उत्तर दिलं नाही. जुन्या दगडाच्या खाणीपाशी बांगुराने थांबायला सांगितलं. ते त्याला घेऊन खाली उतरले. मी इंजिन चालूच ठेवलं."

"का?" स्मृतीच्या तोंडून निघून गेलं.

"आवाज ऐकू येऊ नये म्हणून."

नदीवर दोन बदकं चालली होती. स्मृती त्यांच्याकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते तिला सुचेना. हे हात. याच हातांनी सायकलची चेन बसवली. हा माणूस तिच्या घरी, तिच्या टेबलावर, त्या मुलाच्या आईशेजारी बसून भात मागून घेत होता. आणि आई त्याला वाढत होती. ती उठली, कठड्यापाशी गेली, आणि गार लोखंडाला धरून उभी राहिली.

ती परत आली तेव्हा लामिन लांब जाऊन उभा होता.

"मावशी, तुम्ही याला बरोबर घेऊन फिरता?"

"शांतता झाल्यावर मी आयोगापुढे सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावलं. म्हटलं, ज्याला जे माहीत आहे ते सांगा. एकही बोलला नाही. सगळे स्वच्छ! मग एक दिवस हा आला, आणि मला खाणीवर घेऊन गेला. इब्राहिम सापडला." बाई थांबल्या. "मी त्याला माफ केलेलं नाही. हे नीट ऐक. रोज सकाळी तो गुड मॉर्निंग म्हणतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पण मुलाला मी पुरलं, ते याच्यामुळे. आणि आमचे शिपाई या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. दोघांतला एक प्रमुख होणारच आहे. एकाने सांगितलं, एकाने नाही. तू कोणाला निवडशील?"

"दोघांनाही नाही," स्मृती म्हणाली.

"हो. तू वर्गात तसंच शिकवतेस."

"मला हे मंडळापुढे सांगावं लागेल, मावशी. मी गप्प नाही राहू शकत."

"गप्प राहा म्हणून का सांगितलं तुला? सांग. दोघांचंही सांग. माझं कोण ऐकणार? मी आई. आईचं डोकं ठिकाणावर नसतं असंच सगळे धरून चालतात. तू सांगितलंस तर ऐकतील."

"आणि लामिन?"

"विचारलं मी त्याला. म्हणाला, माझं नाव गेलं तरी चालेल, त्याचं जायला हवं."

परतीच्या बसमध्ये स्मृतीची जागा नेमकी लामिनच्या मागे आली. सगळा रस्ता तिला त्याची मान दिसत राहिली, कॉलरवर आलेले पांढरे केस दिसत राहिले. बांगुरा पुढे डेक्लनशी हसत बोलत होता. एनिसच्या त्या गार्डा बाईंचं किती कौतुक करावं तेवढं थोडं, असं काहीतरी.

घरी आल्यावर तिने प्रसन्नला सांगितलं. तो भांडी लावत होता. हातातली ताटली तशीच कपाटात उलटी ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"आपल्या घरी आला होता तो?"

"हो."

"स्वरांगीची सायकल नीट करून देणारा?"

"हो रे, तोच."

"मग विचार कसला करतेयस? सांगून मोकळी हो. तुझाच नियम आहे ना?"

स्वरांगीने आतून ओरडून विचारलं, लामिन या रविवारीही येणार आहे का. प्रसन्नने जाऊन मधलं दार लोटून घेतलं.

मंडळाची बैठक संस्थेच्या वरच्या मजल्यावर झाली. तिघं सभासद पडद्यावर, स्मृती आणि डेक्लन खोलीत, मरियामाबाई टेबलाच्या टोकाला. स्मृतीने एनिसला जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. दोन्ही नावं घेतली. मग लामिनला बोलावलं. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, इंजिनचंसुद्धा.

मग बांगुरा आला. खुर्चीत बसण्याआधी मरियामाबाईंपुढे किंचित झुकला. "न्यायमूर्तींच्या दुःखापुढे मी काय बोलणार?" तो म्हणाला. "मी त्या आठवड्यात राजधानीत नव्हतोच. लामिन आणि मी एकाच जागेसाठी उभे आहोत हे आपल्याला ठाऊक आहे. एवढंच म्हणतो."

तो गेल्यावर मंडळाचे अध्यक्ष पडद्यावरून म्हणाले, "लामिनची कबुली आहे. तो बाद. यात चर्चेला जागा नाही."

"आणि बांगुरा?" स्मृतीने विचारलं.

"त्याच्याविरुद्ध काय आहे?"

"लामिनने आत्ताच सांगितलं ना!"

"गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाचा शब्द. तोही प्रतिस्पर्ध्याचा. शिपाई दोघंही युद्धात मेले म्हणता. म्हणजे दुसरा पुरावा नाही." अध्यक्ष अवघडले होते, माणूस वाईट नव्हता. "स्मृती, नियम तुम्हीच लिहिलाय. चांगला नियम आहे. आपल्याला सोयीचा नाही म्हणून मोडायचा का?"

स्मृतीने समोरचं कलम पुन्हा वाचलं. एकाच माणसाने एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. स्वतःविरुद्ध बोलला ते खरं धरलं गेलं, दुसऱ्याविरुद्ध बोलला ते खोटं. आणि यात चूक कुठे आहे ते तिला दाखवता येईना. कलम तिचं होतं, शब्द तिचे होते. तिने मरियामाबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावर पालथे ठेवलेले आपले हात बघत होत्या.

कॉरिडॉरमध्ये बांगुरा भेटला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"थँक यू," तो म्हणाला. "इतकी निष्पक्ष पद्धत मी कुठे पाहिली नव्हती."

हात सोडवून घ्यायचं भानही तिला राहिलं नाही.

डेक्लनने तिला बाजूला नेऊन पाण्याचा ग्लास दिला. "आमच्याकडे मी अशा एका माणसाच्या शेजारच्या टेबलावर कित्येक वर्षं काम केलं," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं नाही. तू निदान म्हणालीस."

"त्याचा काय उपयोग झाला, डेक्लन?"

त्याने खांदे उडवले. "अजून कळायचंय."

निघायच्या दिवशी सकाळी स्मृती लामिनला हॉटेलच्या लॉबीत भेटली. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, तरी ती गेली. "तुम्ही इथेच राहा," ती म्हणाली. "आश्रयासाठी अर्ज करा. तिकडे आता बांगुरा प्रमुख होणार."

"मॅडम, आणखी जागा आहेत," लामिन म्हणाला. "खाणीसारख्या. मला माहीत आहेत. या प्रकरणांसाठी कोर्ट बसणार आहे, मी न्यायमूर्तींना शब्द दिलाय." मग जरा थांबून म्हणाला, "मला वाचवायचा विचार तुम्ही करू नका. तुम्हाला नंतर त्रास होईल."

त्याने मरियामाबाईंची पिशवी उचलली. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः टॅक्सीत ठेवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

वसंत आला. एका शनिवारी सकाळी स्मृती शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी होती, स्वरांगीचा कॅमोगीचा सामना चालला होता. मुली हातातल्या लाकडी काठ्यांनी चेंडू टोलवत होत्या, आयाबाप आरडाओरडा करत होते. फोन वाजला.

"मावशी! कशा आहात?"

"लामिन गेला."

"गेला म्हणजे? कुठे?"

"मेला, स्मृती. जबानी द्यायची होती त्याच्या आदल्या आठवड्यात बांगुराच्या माणसांनी चौकशीसाठी नेलं. लॉकअपमध्ये जिन्यावरून पडला म्हणतात." बाईंचा आवाज कोरडा होता. "त्या लॉकअपला जिना नाही. मी स्वतः पाहणी करून मंजूर केलेली इमारत आहे ती."

स्मृती खाली गवतात बसली. गवत ओलं होतं. शेजारच्या कोणा आईने, बरी आहेस ना अशा अर्थाने, विचारलं, "यू ग्रँड?" तिने मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही. ज्या माणसाबद्दल तिला किळस वाटली होती, ज्याची मान बसमध्ये तिला बघवत नव्हती, त्याच्यासाठी तिला रडू फुटलं होतं आणि ते आवरत नव्हतं.

"ऐकतेयस ना?" मरियामाबाई म्हणत होत्या. "आता त्याचं बोलणं ऐकलेली माणसं उरली ती मी, आणि मंडळ, आणि तू. मी आई. मंडळवाले म्हणतात, आमची बैठक गोपनीय. नदीकाठी ऐकलेलं गोपनीय नाही. तू कोर्टाला सांगशील?"

"सांगेन," स्मृती म्हणाली. विचार नंतर केला.

प्रसन्न चिडला. दोन दिवस धड बोलला नाही. "लॉकअपात माणसं मारणाऱ्याच्या विरोधात उभी राहणारेस तू. नाव, पत्ता, सगळं त्यांच्याकडे जाणार. स्वरांगी आहे घरात." त्याचं काही चुकत नव्हतं. तिने वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "कधी आहे साक्ष? मी सुट्टी टाकतो. त्या दिवशी शाळेतून स्वरांगीला मी आणीन."

कोर्टाने व्हिडिओवर साक्ष घ्यायचं मान्य केलं. स्मृती संस्थेतल्या एका खोलीत बसली, डेक्लन दाराशी. पडद्यावर नवं कोर्ट दिसत होतं, भिंतींना रंग लागला होता, पंखे फिरत होते. बांगुरा पूर्ण वर्दीत पहिल्या बाकावर होता. तिला बघून तो ओळखीचं हसला.

तिने बाकावर ऐकलेलं सगळं सांगितलं. मग बांगुराचे वकील उठले.

"सामील माणसाचा शब्द धरू नये, हा नियम कोणाचा, मॅडम?"

"माझा."

"आज तो चुकीचा झाला?"

स्मृती कॅमेऱ्याकडे बघून बोलली. "नाही. प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर कोणाची नोकरी जाऊ नये म्हणून मी तो लिहिला. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याच्याच लॉकअपमध्ये सांगणारा माणूस मरेल, हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते यायला हवं होतं."

न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी समोरची टिपणं एकदा वाचून काढली. मग त्यांनी लामिनचं म्हणणं पुराव्यात घेतलं, खटला उभा राहील असं जाहीर केलं, आणि तो संपेपर्यंत बांगुराने पदावर राहू नये असा हुकूम दिला. कोणीतरी मागून एकदम ओरडलं. आनंदाने की रागाने, ते एवढ्या लांबून कळेना.

बांगुरा उठला. त्याने टोपी उचलली, वर्दी ठीक केली. घाई नाही, काही नाही. तो दाराकडे चालू लागला तसे दारावरचे दोन शिपाई ताठ झाले, टाचा आपटल्या, आणि दोघांनी त्याला कडक सलाम ठोकला. कोर्टाचा हुकूम त्यांच्यादेखत झाला होता. न्यायाधीश बघत होत्या. बांगुराने सलाम घेतला आणि बाहेर गेला.

स्मृती पडद्याकडे बघत राहिली.

तिकडे मरियामाबाई कॅमेऱ्याच्या जवळ आल्या. चेहरा पडद्यावर मावेना इतक्या जवळ.

"पाहिलंस?" त्या म्हणाल्या.

"पाहिलं, मावशी."

"ती पोरं वीस-बावीसची आहेत. युद्धात नव्हती. मीच निवडलीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या त्यांना बोलावते. प्रत्येकाला वेगळं."

पडदा बंद झाला. खाली रस्त्यावरून लुआस घंटा वाजवत गेली. स्मृती बंद पडद्यासमोरून उठली नाही. डेक्लनने शेजारची खुर्ची ओढली आणि तो तिच्याजवळ बसून राहिला.